सटवाईचा कारकून

सुदर्शन मास्तर गाडग्यांना जिवंत माणसांचा तसा कंटाळाच होता. निमगाव सावाच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून ते रिटायर झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात ‘आता कुणाचं घाण अक्षर बघावं लागणार नाही’ एवढंच बोलले आणि नारळ घेऊन घरी गेले. असा हा माणूस गेल्या सात महिन्यांत एका माणसाच्या चक्क प्रेमात पडला होता. अडचण एवढीच, की तो माणूस मरून पंच्याऐंशी वर्षं झाली होती.

त्याचं नाव धर्माजी रखमाजी थोरवे. जुन्नर नगरपालिकेचा जन्म-मृत्यू कारकून, सन १९०६ ते १९३४.

झालं होतं असं, की कुणबी नोंदी शोधायचा हुकूम सुटला आणि ठिकठिकाणची जुनी दप्तरं कपाटांतून बाहेर आली. दप्तर सगळं मोडीत, आणि मोडी वाचणारी माणसं तालुक्यात शोधून सापडेनात. मास्तरांना मोडी वडिलांनी लहानपणी छड्या मारून शिकवली होती. ती साठीनंतर अशी कामाला आली. रोज सकाळी ते स्कूटर काढत, दहाच्या ठोक्याला जुन्नरच्या दप्तराच्या खोलीत हजर होत, आणि संध्याकाळपर्यंत धर्माजी थोरव्यांचं अक्षर वाचत बसत. कुणाची जात, कुणाचं गाव, मूल पुरुष की स्त्री, सांगणारा कोण. हवी ती नोंद सापडली की यादीत उतरवायची आणि यादी वृषाली मॅडमच्या टेबलावर ठेवायची. वृषाली मॅडम म्हणजे दप्तराच्या इन्चार्ज. वयानं तिशीच्या, नियमाला पक्क्या, आणि चहाला कधी नाही न म्हणणाऱ्या.

नोंदी वाचता वाचता मास्तरांना कारकून दिसायला लागला. मग त्यांनी कपाटाच्या तळातून त्याचं सेवापुस्तकही हुडकून काढलं. ते काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

धर्माजी एकविसाव्या वर्षी नोकरीला लागला तो प्लेगच्या झोपड्यांवर शिपाई म्हणून. गाव रिकामं करून माणसं माळावर झोपड्यांत राहायला आली होती, आणि हा त्यांना पाणी पोचवायचा, मेलेल्यांची नावं आत कळवायचा. स्वतःला लिहिता येत नव्हतं. नावं डोक्यात ठेवायची आणि जाऊन सांगायची. एके दिवशी दोन नावांची अदलाबदल झाली आणि जिवंत बाईच्या घरी रडारड झाली. त्याची समज त्याला मिळाली, ती सेवापुस्तकात आहे. त्याच्या खाली दुसऱ्या शाईत आहे, ‘सदर शिपाई यापुढे लिहावयास शिकत आहे.’ सहा वर्षांनी तो कारकून झाला. शिपायाचा कारकून, आणि तोही शाळेचं तोंड न पाहिलेला. मास्तरांनी एकतीस वर्षांत शाळेत बसवलेल्या पोरांची आठवण काढली आणि मोठा सुस्कारा सोडला.

धर्माजी नोंदीची वाट बघत कचेरीत बसणारा नव्हता. मूल जन्मल्याचं कानावर आलं, की पाचवी पुजून झाल्यावर सहाव्या दिवशी सकाळी तो बगलेत बुक मारून त्या घराच्या उंबऱ्याशी हजर. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, आणि सकाळी हा येतो. म्हणून बायकांनी त्याचं नावच पाडलं, सटवाईचा कारकून. हे मास्तरांना सांगितलं अकबरभाईंनी. कचेरीसमोर त्यांचं झेरॉक्स आणि बायंडिंगचं दुकान. घराणं मूळचं कागद बनवणाऱ्या कागद्यांचं, आणि पणजोबा इब्राहिम कागदी नगरपालिकेची बुकं बांधून द्यायचे. ज्या कागदावर धर्माजीनं लिहिलं तो कागद त्यांच्याच घरचा. शंभर वर्षांनीही त्याला वाळवी शिवलेली नव्हती, आणि अकबरभाई ही गोष्ट दिवसातून एकदा तरी ऐकवत.

पण बायका त्याला भीतही होत्या. जन्म लिहिणारा तोच आणि मरण लिहिणाराही तोच. ज्या लेखणीनं काल प्रेत लिहिलं त्याच लेखणीनं आज आपलं बाळ लिहिणार, हे कुठल्या आईला बरं वाटेल? काही घरी नोंद सांगेनातच. तेव्हा धर्माजीनं वरिष्ठांकडे मागणी केली, ‘दोन दौती व दोन लेखण्या मिळाव्या.’ कारण लिहिलं, ‘मृत्यूची लेखणी जन्मास लावल्यास बाया नोंद सांगत नाहीत.’ मागणी तीनदा परत आली. चौथ्यांदा मंजूर झाली. तेव्हापासून जन्माची शाई काळी आणि मरणाची जांभळट. बाळ लिहिण्याआधी तो आईला काळ्या शाईची दौत उघडून दाखवायचा, असं अकबरभाईंची दादी सांगायची.

मास्तर आणखी कशाकशावर जीव टाकत. एकदा माणिकडोहच्या वाटेवर एक अनोळखी म्हातारा मरून पडला. नाव नाही, गाव नाही. दुसऱ्या कुणी ‘इसम, बेवारस’ लिहून पान उलटलं असतं. धर्माजीनं लिहिलं, ‘वय अंदाजे साठ, डाव्या हाताची करंगळी नाही, गळ्यात काळा गोफ, धोतरास हिरव्या दोऱ्याने ठिगळ, ठिगळ बाईच्या हातचे असावे.’ म्हणजे कधी कुणी शोधत आलंच, तर ओळख पटावी. त्याच्या बुकात बापाच्या नावाचा रकाना सहसा रिकामा सापडत नसे. विचारून, फिरून, पुन्हा जाऊन तो भरून काढायचा.

आणि एकोणीसशे अठराचा ऑक्टोबर. इन्फ्लुएन्झाची साथ. एका दिवसात एकोणीस मरणं, सगळी त्याच सरळ ओळींत. त्यात बारावी ओळ अशी : ‘बयाबाई भ्रतार धर्माजी थोरवे, वय २९. सांगणार : स्वतः.’ तेरावी ओळ दुसऱ्या कुणाची, आणि अक्षर जराही हललेलं नाही. त्या दिवशी मास्तरांना डबा गेला नाही. त्यांनी बुक मिटून ठेवलं, बाहेर जाऊन ओट्यावर बसले आणि अकबरभाईंनी आणून दिलेला चहा गार होईपर्यंत हातात धरून बसले. असा माणूस आपल्याच तालुक्यात होऊन गेला आणि त्याचं नाव एका गल्लीला सुद्धा नाही, याचा त्यांना मनापासून राग आला.

सेवापुस्तकातली एकच गोष्ट त्यांना सलत होती. पुण्याहून तपासणीला आलेल्या साहेबानं १९१४ साली शेरा मारला होता, ‘हा कारकून सरकारी पुस्तकास अनावश्यक पान जोडतो. समज दिली.’ पंधरा साली पुन्हा तेच. सोळा साली लिहिलं होतं, ‘समज देऊनही ऐकत नाही. बढतीस अपात्र.’ आणि खरंच, अठ्ठावीस वर्षं तो त्याच खुर्चीवर बसला. मास्तरांनी बुकांची पानं मोजून पाहिली होती. पुठ्ठ्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा एकही पान जास्त नव्हतं. साहेब आकसानं बोलला असणार, असं म्हणून त्यांनी साहेबाला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि विषय सोडला.

मंगळवारी खोडदचे गेणभाऊ पोखरकर दप्तराच्या खोलीत आले. बरोबर मुलगी, श्रेया. तिला अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली होती, पण कुणबी दाखल्याच्या अर्जाची पोचपावती शुक्रवारी पाचच्या आत दाखवायची होती. न दाखवली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. अर्जाला पुरावा हवा, आणि पुरावा एकच असू शकत होता, गेणभाऊंचा आजा कोंडाजी. आजा शाळेत गेला नव्हता. खोडदच्या दप्तरात त्याची नोंद नव्हती, कारण जन्म आईच्या माहेरी, जुन्नरला, १९१३ च्या श्रावणात. बाप रभाजी, आई भागू, कोंडाजीआधीची तीन मुलं दगावलेली. एवढं घरात सगळ्यांना पाठ होतं.

मास्तरांनी यादी पाहिली. १९१३, श्रावण, भाद्रपद, आषाढसुद्धा. रभाजी पोखरकर कुठंच नाही.

“नाही,” मास्तर म्हणाले.

“न्हाई कसं?” गेणभाऊ म्हणाले. “तुमच्या बुकात न्हाई म्हंजी माझा आजा जल्मलाच न्हाई का? मग मी कुठनं आलो?”

“बुकात नाही एवढं मी सांगतो. बाकीचं तुम्ही बघा.”

“म्हंजी त्यो कारकून कामचुकार व्हता. दुसरं काय?”

मास्तरांनी चष्मा काढला. “गेणभाऊ, आज्याबद्दल काय ते बोला. कारकुनाबद्दल बोलू नका.”

“का? तुमचा पावणा लागतो का?”

श्रेयानं बापाचा हात धरून त्यांना बाहेर नेलं. मास्तरांना त्या दिवशी दुसरं काही वाचवेना. पोरीची जागा जाणार हे वाईट होतंच, पण त्यांना आणखी एक गोष्ट टोचत होती. तीन मुलं दगावल्यावर झालेलं चौथं, पूर्ण दिवसांचं मूल, आणि ते धर्माजीच्या नजरेतून सुटलं? मग दोन दौतींचा, ठिगळाचा, त्या बाराव्या ओळीचा अर्थ काय राहिला?

गेणभाऊ बुधवारी आले, गुरुवारी आले. जुने सातबारे, फेरफार, जे सापडेल ते घेऊन येत आणि अकबरभाईंच्या दुकानात झेरॉक्स काढत बसत. गुरुवारी दुपारी मास्तर चहाला तिथं गेले तेव्हा श्रेया बापाला विचारत होती, “पप्पा, आज्यांनी जुन्नरचं काहीच सांगितलं नव्हतं का तुम्हाला?”

“मी अकरा वर्साचा व्हतो, आजा गेला तवा. काय सांगणार?” गेणभाऊ म्हणाले. मग जरा थांबून, “दर साल नवी बाजरी निघाली की पयली पिशवी घिऊन यष्टीनं जुन्नरला यायचा. मला बी एकदा आणलं व्हतं. एका घरी गेलो. तितं भिताडावर वल्लं कागद चिकटवून वाळत घातल्यालं, लई कागद. आजा त्या घरात पिशवी ठिवायचा, जेवायचा, आन माघारी. कुणाचं घर, काय ठावं.”

अकबरभाईंनी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.

“भिंतीवर कागद आमच्याच घरी वाळायचे,” ते म्हणाले. “शेवटी शेवटी आमचे आजोबाच तेवढे करायचे. आणि बाजरी घेऊन यायचे ते खोडदवाले चाचा. पांढरं मुंडासं, कानात भिकबाळी, हसले की एक दात नाही. दिवाळीच्या आधी यायचे. आम्ही पोरं पिशवीवर बसून त्यांना जाऊ द्यायचो नाही.”

गेणभाऊंनी हातातले कागद खाली ठेवले. दोन दिवस दोघं समोरासमोर बसून एका टेबलावर कागद सारत होते.

“आमची पणजी जोहराबी,” अकबरभाई सांगत होते, “तिचा एक मुलगा खोडदला आहे, असं दादी म्हणायची. आम्ही समजायचो, मानलेला असेल. पणजीची सहाच्या सहा मुलं जगली होती. लोक तिला फार मानायचे त्यासाठी.”

मास्तरांच्या हातातला चहा बशीत सांडला. आज्याचं नाव कोंडाजी, आणि तीन दिवस ते नाव आपण तोंडानं घेतोय. मुलं जगत नसली की पुढचं मूल जन्मल्या-जन्मल्या दुसऱ्या घरी विकायचं, जिची मुलं जगलीत अशा बाईला. सटवाईला वाटावं, हे मूल त्यांचं. मग सूपभर कोंडा देऊन ते परत घ्यायचं. कोंडाजी, कोंडाबाई ही नावं तिथूनच आलेली. निमगावात स्वतः मास्तरांची चुलत आजी कोंडाबाई होती.

“माझी चूक आहे,” मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी शाळेत कधी उच्चारल्याचं कुणाला आठवत नसेल. “मी कागदी मोहल्ल्याची पानं उघडलीच नाहीत. तिथं कुणबी नोंद कशी असेल, असं धरून सरळ ‘लागू नाही’ लिहीत गेलो. सगळ्या सालांना.”

गेणभाऊ काहीतरी लागेल असं बोलणार होते, पण मास्तर तोवर रस्ता ओलांडून गेले होते.

पान सापडायला पाच मिनिटं लागली. ‘श्रावण वद्य. पुरुष जातीचे मूल. घर इब्राहिम कागदी. सांगणार जोहराबी.’ आणि बापाच्या नावाच्या रकान्यात, जातीच्या रकान्यात, एक छोटंसं वाटोळं शून्य. दुसरं काही नाही.

वृषाली मॅडमनी पान दोनदा पाहिलं. “मास्तर, यात बापाचं नाव नाही, जात नाही, गाव नाही. याची नक्कल मी देईन, पण ती घेऊन काय करणार? हे तुमचेच आजोबा कशावरून, असं पहिल्याच टेबलावर विचारतील.”

गेणभाऊ खुर्चीत बसले. भांडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते भांडले नाहीत. श्रेया म्हणाली, “राहू द्या पप्पा. पुढच्या वर्षी बघू.” एकोणीस वर्षांची पोर, बापाला धीर देत होती. ते ऐकून मास्तरांना फार लाज वाटली.

घरी गेल्यावर जेवताना त्यांचं ताटात लक्ष नव्हतं. शून्य म्हणजे माहीत नाही, असं धर्माजीच्या बाबतीत होऊच शकत नाही. मेलेल्या अनोळखी म्हाताऱ्याचं ठिगळ कुणाच्या हातचं ते लिहिणारा माणूस, जिवंत बाळाचा बाप विचारणार नाही? बरं, जोहराबीच्या नवऱ्याचं नाव घालून मोकळा झाला असता. सगळ्यांना तेच हवं होतं. तेही त्यानं केलेलं नाही. म्हणजे खोटं लिहायचं नव्हतं. मग खरं कुठं लिहिलं? भाकरी हातात असतानाच त्यांना तपासणीचा शेरा आठवला. ‘अनावश्यक पान जोडतो.’ साहेब तीन वर्षं एकच गोष्ट सांगत होता, आणि मास्तर त्याला शिव्या देत होते.

शुक्रवारी दप्तराची खोली उघडायच्या आधी मास्तर पायरीवर होते. बरोबर अकबरभाई, गेणभाऊ आणि श्रेया. मास्तरांनी १९१३ चं बुक अकबरभाईंच्या पुढ्यात ठेवलं. “तुमच्या पणजोबांनी बांधलंय. यात एक पान जास्त आहे. मला सापडत नाही.”

अकबरभाईंनी पानांना हातच लावला नाही. बुक उलटं केलं, मागचा पुठ्ठा उघडला आणि पुठ्ठ्याला आतून चिकटवलेल्या कागदावरून अंगठा फिरवला. मग पुढच्या पुठ्ठ्यावरून फिरवला. पुन्हा मागच्या.

“पुढं एकच कागद आहे. मागं दोन आहेत,” ते म्हणाले. “आमच्या घरात पुठ्ठ्याला दोन कागद कुणी लावत नाही. आणि ही खळ बघा. फक्त कडेनं आहे, मध्ये नाही. हा कागद पुन्हा काढता यावा असाच लावलाय.”

वृषाली मॅडमना घाम फुटला. सरकारी दप्तर फाडायचं? त्यांनी आपल्या साहेबांना फोन केला, साहेबांनी लेखी पंचनामा करायला सांगितलं, दोन साक्षीदार, आणि सगळं मोबाईलवर चित्रीकरण. यात साडेअकरा वाजले. मग श्रेयानं मोबाईल धरला, अकबरभाईंनी ओलं फडकं पिळून कागदाच्या कडांवर ठेवलं, आणि सगळे घड्याळाकडे बघत बसले. अर्ध्या तासानं त्यांनी कापायची पातळ सुरी घातली आणि कागद तीन बाजूंनी सुटला. फक्त उजवीकडे मध्यावरची एक पट्टी सुटेना. ती ओढू नका, म्हणाले, फाटेल, दोन दिवस लागतील.

कागदाच्या आतल्या बाजूला काळी शाई होती. मास्तरांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

‘खालील मुलांची नोंद आईबापांनी सटवाईस चकविण्यासाठी दुसऱ्याचे घरी करविली आहे. खोटे लिहिणे माझ्याने होत नाही व आईचे मन मोडणेही होत नाही. सबब बुकात बापाचे जागी शून्य घातले असून खरे नाव येथे लिहिले आहे. पान खळीने चिकटविले आहे. सरकारास पाहिजे तेव्हा उघडता येईल. सटवाईस चिकटविलेले वाचता येत नाही, असे मी बायांस सांगितले आहे व त्यांची खात्री झाली आहे.’

खाली आठ नोंदी होत्या, पाचवी सोडून सगळ्यांपुढे कोंडा देऊन मूल परत घेतल्याची तारीख; पाचवीपुढची जागा पट्टीखाली होती. पाचवी अशी : ‘घर इब्राहिम कागदी. खरा बाप रभाजी पोखरकर, कुणबी, मौजे खोडद. आई भागू, माहेर जुन्नर. यापूर्वी तीन मुले मयत.’ आणि पानाच्या तळाशी नगरपालिकेच्या अध्यक्षांची सही आणि शिक्का. साहेब ज्याला अनावश्यक म्हणाला, ते पान अध्यक्षांसमोर नेऊन त्यावर सही घेतल्याशिवाय त्यानं चिकटवलं नव्हतं. पुढे कधी कुणी नियम दाखवेल, हे त्याला ठाऊक असावं.

वृषाली मॅडमनी शिक्का भिंगाखाली पाहिला, मूळ नोंदीचा नंबर ताडून पाहिला. “चालेल,” त्या म्हणाल्या, आणि नक्कल लिहायला घेतली. घाईत एक कागद वाया गेला.

गेणभाऊ कारकुनाच्या अक्षराकडे बघत उभे होते. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. “मास्तर,” ते म्हणाले, “मी त्या माणसाला कामचुकार म्हनलो.”

“मीही त्याच्या साहेबाला शिव्या दिल्या. साहेबानंच वाट दाखवली. आता पळा, पाच वाजायच्या आत पोचा.”

चार वाजून वीस मिनिटांनी श्रेयाचा फोन आला. पावती मिळाली होती आणि कॉलेजात दाखवूनही झाली होती. मास्तरांनी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. मग १९१४ चं बुक उलटं करून मागच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. दोन कागद होते. १९१५, दोन. १९२१, दोन. १९३४ पर्यंत सगळ्यांना दोन. जी मुलं सात महिने त्यांच्या यादीत आली नव्हती, ती सगळी तिथं होती.

सोमवारी अकबरभाई ती अडकलेली पट्टी सोडवायला आले. तोवर गेणभाऊही हजर. एका हातात नव्या बाजरीची पिशवी आणि दुसऱ्या हातात सूप, सुपात काठोकाठ कोंडा.

“अहो, दप्तराच्या खोलीत काय आणलंत हे?” वृषाली मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, मास्तरांनी त्या दिशी वाचून दावलं,” गेणभाऊ म्हणाले. “बाकीच्या सात पोरांपुढं लिवलंय, अमक्या तारखेला कोंडा दिऊन परत घेतलं. माझ्या आज्याचं त्या पट्टीखाली हाय. पर घरात कुणी कवाच कोंडा दिल्याचं बोललं न्हाई. मला काय झोप लागंना. माझा आजा असा मधीच राहिला का काय? म्हनलं, राहिलं असंल तर आज दिऊन टाकू.” त्यांनी सूप अकबरभाईंच्या पायाशी ठेवलं.

अकबरभाईंनी सुपाकडे पाहिलं आणि पट्टीखाली सुरीचं टोक सारत राहिले. पट्टी सुटली. ती खाली पडू न देता त्यांनी बोटावर धरली आणि बुक मास्तरांकडे सरकवलं.

पाचव्या नोंदीपुढे दोन ओळी जास्तीच्या होत्या. बहुधा नंतर, पान उघडून लिहून पुन्हा चिकटवलेलं. मास्तरांनी आधी मनाशी वाचलं. मग चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं.

‘परत घेण्याविषयी आईस दोनदा विचारले. ती म्हणते, जगते आहे तर तिकडचेच असो. जोहराबीचीही हरकत नाही. नाव तेवढे कोंडाजी ठेवले, कोंडा दिला गेला नाही. मूल दोन्ही घरी जेवते. विषय बंद. ध. र. थोरवे.’

पंख्याच्या वाऱ्यानं कोंडा थोडा उडून वृषाली मॅडमच्या फायलींवर बसला, तो त्यांनी तसाच राहू दिला. मास्तर बुकाकडे बघत राहिले. या माणसाला अठ्ठावीस वर्षं बढती दिली नाही, याचा राग त्यांना पुन्हा आला, पण या वेळी तो फार वेळ टिकला नाही.

गेणभाऊंनी वाकून सूप उचललं, बाजूला दाराशी नेऊन ठेवलं. बाजरीची पिशवी मात्र तिथंच राहू दिली. मग ते अकबरभाईंकडे वळले.

“जेवायला काय केलंय घरी?”